गेलेली दाढ पुन्हा बसवावी का?

मागची एखादी दाढ काढली, जखम भरली, की घरात प्रश्न निघतो : आता त्या जागी नवी बसवायची का? हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तोंडापुरता राहत नाही. सेनगाव वा औंढा नागनाथ तालुक्यातील एखाद्या वाडीवरून ज्येष्ठांना दवाखान्यात न्यायचे, तर दर खेपेला घरातील एका माणसाचा खाडा होतो. हळद काढणीच्या दिवसांत तर सोबतीला माणूसच मिळत नाही. तेव्हा खर्चाइतकाच खेपांचाही हिशेब आधी विचारून घ्यावा.

प्रथम कोणती दाढ गेली ते पाहावे. अक्कलदाढ असेल तर विषय तिथेच संपला. तिच्या अलीकडची दुसरी दाढ गेली असेल आणि बाकीचे दात घट्ट असतील, तरी बहुधा काही करावे लागत नाही. नेदरलँड्समधील दंततज्ज्ञ कायझर यांनी १९८१ मध्ये हाच विचार मांडला : पुढचे दात आणि उपदाढा मिळून वरखाली दहा जोड्या शाबूत असतील, तर अनेक वृद्धांचे चावणे ठीक चालते. जपाननेही ऐंशीव्या वर्षी वीस दात हेच उद्दिष्ट ठेवले, बत्तीस नव्हे.

पहिल्या दाढेची गोष्ट मात्र निराळी. चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो. ती गेल्यावर शेजारची दाढ रिकाम्या जागेकडे कलू शकते, समोरची लांबून खाली वा वर येते आणि फटीत अन्न अडकते. दाढ नुकतीच गेली असेल तर हा धोका गंभीरपणे घ्यावा. पण पाच-सात वर्षे जागा रिकामी आहे आणि काहीच हललेले नाही, तर आता घाई कशाची? कोणी घाई करायला लावत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

माझ्या मते खरी कसोटी ताटात असते. ज्वारीची भाकरी आता दुधात कुस्करूनच लागते का? शेंगदाणे, कोशिंबीर बाजूला सारली जाते का? वजन उतरते आहे का? तसे असेल तर उपाय करावा.

काढता-घालता येणारी कवळी स्वस्त आणि थोड्या खेपांत होणारी. पण एकाच दाताची चिमुकली कवळी गिळली जाऊ शकते. विस्मरण असलेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या ज्येष्ठांना ती देऊ नये. ब्रिजसाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात. ते निरोगी असतील तर हा सौदा महागाचा. इम्प्लांट शेजाऱ्यांना धक्का लावत नाही, मात्र हाडात स्क्रू रुजायला काही महिने लागतात. मधुमेह आटोक्यात नसणे आणि तंबाखू हे त्याचे वैरी. हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शने घेतली असतील तर ते आधीच सांगावे, कारण शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

वरची दाढ काढल्याने नजर अधू होते, हा समज मात्र निराधार आहे.

जागा रिकामीच ठेवायचे ठरले, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या दातांच्या आतल्या कडा रोज बारीक ब्रशने साफ कराव्यात आणि दर सहा महिन्यांनी तपासून घ्याव्यात. पुढची कीड बहुधा तिथेच लागते.