विश्लेषण: वाळवंटात चार्जिंगची सोय नाही, तरी इलेक्ट्रिक मोटरवरच्या कारने डकार रॅली कशी जिंकली?

जानेवारी २०२४ मध्ये सौदी अरेबियात झालेली डकार रॅली ऑडीच्या 'आरएस क्यू ई-ट्रॉन' या कारने जिंकली. चाकं इलेक्ट्रिक मोटरवर फिरणाऱ्या कारने ही स्पर्धा जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पण वाळवंटात चार्जिंग स्टेशन नसतं. मग दोन आठवडे ही कार धावली कशी?

ही स्पर्धा वेगळी का?

फॉर्म्युला वनसारखा आखीव ट्रॅक इथे नसतो. वाळूच्या टेकड्या, दगडधोंडे आणि कोरडी नदीपात्रं पार करत स्पर्धक रोज शेकडो किलोमीटर कापतात. शेजारी बसलेला नॅव्हिगेटर वाट सांगतो. सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज करून निकाल लागतो. त्यामुळे एक मोठा बिघाडही स्पर्धेतून बाद करू शकतो.

वीज येते कुठून?

कारमधूनच. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी एकेक मोटर आहे. टर्बो इंजिनही आहे, पण ते चाकं फिरवत नाही. ते फक्त जनरेटर चालवतं आणि त्यातून सुमारे ३७० किलोची बॅटरी चार्ज होत राहते. ब्रेक लावल्यावरही थोडी वीज परत मिळते.

आपल्या रेल्वेचं डिझेल इंजिनही साधारण असंच चालतं: डिझेलवर वीज तयार होते आणि चाकं मोटर फिरवते. म्हणजेच ही कार पूर्णपणे इलेक्ट्रिक नाही. तिलाही इंधन लागतंच.

वेग होता, मग विजय उशिरा का?

पदार्पणात, २०२२ मध्ये, ऑडीने चार टप्पे जिंकले. जेतेपद मात्र हुकलं. २०२३ मध्ये कार्लोस साइन्झ आणि स्टेफान पीटरहॅन्सेल हे दोघेही दिग्गज अपघातांमुळे बाहेर पडले.

२०२४ मध्ये चित्र उलटलं. साइन्झ आणि नॅव्हिगेटर लुकास क्रूझ यांनी एकही टप्पा जिंकला नाही, पण मोठी चूकही केली नाही. अकराव्या टप्प्यात पाठलागावर असलेल्या सेबास्टियन लोबच्या कारचं नुकसान झालं आणि त्याचा तासाहून अधिक वेळ गेला. साइन्झ तब्बल १ तास २० मिनिटांच्या फरकाने जिंकले, तेही वयाच्या ६१व्या वर्षी.

पुढे काय झालं?

या विजयानंतर ऑडीने डकारचा निरोप घेतला आणि आधीच सुरू असलेल्या फॉर्म्युला वनच्या तयारीकडे लक्ष वळवलं. तिसऱ्या प्रयत्नात जिंकलेली ही कार जेतेपद राखायला परतलीच नाही.