सोळा फुटांवरून पडणे आणि डोक्यात खुर्ची

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल होती, त्यांना अंडरटेकर कोण हे सांगावे लागत नाही. मुलांच्या दप्तरात त्याचे ट्रम्प कार्ड असायचे. २८ जून १९९८ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गला याच अंडरटेकरने ‘मॅनकाइंड’ ऊर्फ मिक फोली याला लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यावरून सुमारे १६ फूट खाली फेकले. समालोचकांच्या टेबलाचा चुराडा झाला. फोली स्ट्रेचरवरून उठून पुन्हा वर चढला. या वेळी छताची जाळीच निसटली आणि तो थेट रिंगमध्ये पडला. मागोमाग पडलेली खुर्ची तोंडावर बसली. एक दात नाकपुडीत जाऊन अडकला.

‘सगळे खोटे असते’ असे आपण म्हणतो. निकाल ठरलेला असतो, हे खरेच. पहिले पडणेही ठरलेले होते. दुसरे मात्र नव्हते.

एवढ्या उंचीवरून माणूस सेकंदभरात खाली येतो, तेव्हा वेग ताशी ३० किलोमीटरच्या पुढे असतो. आंब्याच्या झाडावरून किंवा परांचीवरून याहून कमी उंचीवरून पडलेल्यांचे मणके मोडलेले आम्ही सरकारी रुग्णालयात नेहमी पाहतो. फोली वाचला, कारण टेबल मोडताना आघात थोडा लांबला आणि पाठीवर पसरला. शिवाय नशीब होते.

डॉक्टर म्हणून मला त्या पडण्यापेक्षा पुढची गोष्ट जास्त अस्वस्थ करते. फोलीने बरीच सोंगे घेतली. ‘कॅक्टस जॅक’ हा रक्तबंबाळ होणारा वेडापिसा मल्ल. त्या भूमिकेत १९९४ साली म्युनिकला दोरांत डोके अडकून त्याचा उजवा कान जवळपास पूर्ण तुटला. ‘मॅनकाइंड’ आधी कातडी मुखवट्यातला, अंधारात कुढणारा होता. १९९८च्या शेवटी त्याने हाताला पायमोजा चढवून त्याची बाहुली केली, तिला ‘मिस्टर सॉको’ नाव दिले, आणि लोक अक्षरशः वेडे झाले. भीतीची जागा मायेने घेतली. जानेवारी १९९९मध्ये टीव्हीवर तो विजेता झालेला दिसला. म्हणजे लोकांना आवडायला त्याला कुठून पडायची गरज उरली नव्हती!

तरीही त्याच महिन्यात, हात पाठीमागे बेड्यांत असताना, ‘द रॉक’ने त्याच्या डोक्यात अकरा वेळा पोलादी खुर्ची मारली. ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त. बायको आणि लहान मुले समोर बसली होती. ‘बियाँड द मॅट’ या माहितीपटात मुलांचे रडणे दिसते.

मेंदू मऊ असतो आणि कवटीत थोडा हलू शकतो. फटका बसला की तो हिंदकळतो, पिळला जातो आणि त्याचे बारीक तंतू ताणले जातात. स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. असे फटके वर्षानुवर्षे बसत राहिले तर काहींच्या मेंदूत ‘टाऊ’ नावाचे प्रथिन साचते. स्मृती जाते, स्वभाव बदलतो. या विकाराला ‘सीटीई’ म्हणतात. निश्चित निदान मृत्यूनंतरच होते. २००७ साली पत्नी व मुलाला मारून आत्महत्या करणाऱ्या ख्रिस बेन्वा या मल्लाच्या मेंदूत तो आढळला. त्या कृत्याचे तेच एकमेव कारण होते असे कुणी ठामपणे म्हणू शकत नाही. पण २०१०मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने डोक्यात खुर्ची मारण्यावर बंदी घातली.

घरात सोफ्यावरून उड्या मारणाऱ्या पोरांना टेबल मोडण्याचे गणित माहीत नसते. डोक्याला मार बसून मूल क्षणभर जरी गोंधळले, तरी त्या दिवशी परत खेळायला सोडू नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, बोबडे बोलणे, किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.