आधी पडायला शिकलो, मग उभं राहायला

बचत गटाच्या सगळ्या ताया, काकू, आज्या आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुलींनो, आम्ही हिवरखेडहून बोलतो आहोत. तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. दरवेळी आम्ही हप्ता, व्याज, बँकेचं खातं यावर बोलतो. आज मात्र एका वेगळ्याच बचतीवर बोलणार आहोत. ती म्हणजे आपल्या अंगातल्या बळाची बचत.

गोष्ट सुरू झाली एका मासिक बैठकीत. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि आमची एक सदस्य हळूच म्हणाली, "बाई, पोरीचं कॉलेज बंद करा लागते आता." कारण विचारलं, तर कळलं की संध्याकाळची बस उशिरा येते. स्टँडवरून घरापर्यंतच्या रस्त्यावर दोन पोरं मागं लागतात. एक दिवस एकानं तिचा हात धरला. मुलगी घरी येऊन काही बोलली नाही, जेवलीही नाही. वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, शिक्षण पुरे झालं.

चूक पोरांची आणि शिक्षा पोरीला! आमच्यापैकी कोणालाच ते पटलं नाही. पण करायचं काय, हेही सुचत नव्हतं. तेव्हा गावातलीच एक मुलगी पुढं आली. पुण्यात नोकरीला असताना ती आयकीडो शिकली होती. ती म्हणाली, "ताई, समाजमंदिर आठवड्यातून एक तास मोकळं करून द्या. गाद्या घरून आणा. मला येतं तेवढं मी शिकवते."

आयकीडो म्हणजे काय, ते आधी सांगतो. ही जपानची विद्या. मोरिहेई उएशिबा नावाच्या गुरूंनी ती घडवली. त्यांचा जन्म १८८३ चा आणि मृत्यू १९६९ चा. माणूस अंगानं बुटका होता, लहानपणी दुबळाही होता म्हणतात. त्यांनी जुन्या जपानी युद्धविद्या शिकून त्यातून आपली वेगळी वाट काढली. १९४२ च्या सुमारास तिला आयकीडो हे नाव मिळालं. 'आय' म्हणजे जुळणं, 'की' म्हणजे श्वास, प्राण, आणि 'दो' म्हणजे मार्ग. समोरच्याच्या जोराशी झुंजायचं नाही. त्याचा जोर ज्या दिशेनं येतो त्या दिशेला आपण बाजूला सरकून वळायचं, म्हणजे तो स्वतःच्याच जोरानं पुढं जातो. विहिरीवर भरलेली बादली ओढताना आपण नुसते हात वापरत नाही, कंबर आणि पाय लावतो. तसंच हे.

जिथं ही विद्या शिकतात त्या जागेला दोजो म्हणतात. आत जाताना वाकून नमस्कार करायचा. तालमीच्या आधी नाहीतर नंतर सगळ्यांनी मिळून जागा झाडायची, पुसायची. जुन्यानं नव्याला हाताशी धरायचं. बहुतेक आयकीडोत सामने नसतात, हार-जीत नसते. जोडीनं शिकायचं. आधी एकीनं धरायचं आणि दुसरीनं सोडवायचं, मग पाळी बदलायची. जी पडते तिच्यामुळंच दुसरी शिकते. म्हणून तालीम संपली की जोडीदारणीला वाकून आभार मानायचे. एकट्या माणसाला हे शिकताच येत नाही.

हे ऐकून आमच्या एक आजी म्हणाल्या, "हे तं आखाड्यावानीच झालं!" खरंच आहे. आपल्या वऱ्हाडाला हे नवीन नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली आखाडा सुरू केला. आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्यातूनच उभं राहिलं. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या चमूनं कबड्डी आणि इतर देशी खेळ जगाला करून दाखवले. आखाड्यातही मातीला नमस्कार असतो, माती सगळ्यांनी मिळून खणायची असते, वस्तादाचा शब्द मानायचा असतो. फरक एवढाच की पूर्वी गावोगावच्या तालमीत बायकांना पाऊल टाकता येत नव्हतं. आता मुली कुस्ती खेळतात, दोरीचा मल्लखांब करतात. मग आम्ही काहून मागं राहायचं?

पहिल्या दिवशी चौदा जणी आल्या. आम्हाला वाटलं, माणूस कसा आपटायचा ते शिकवेल. तिनं शिकवलं पडायचं कसं! बायका हसल्या. ती म्हणाली, "पडायची भीती गेल्याशिवाय उभं राहायची हिंमत येत नाही."

मागं पडताना आपण सगळ्या हात मागं टेकवतो. त्यानंच मनगट मोडतं. त्याऐवजी गुडघे वाकवून खाली बसत जायचं, हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि गोल दगडासारखं मागं लोळायचं. हनुवटी छातीला लावली की डोकं आपटत नाही. दोन्ही हात अंगाच्या बाजूला, तळव्यांनी गादीवर थाप मारत टाकायचे. सुरुवात बसल्या जागेवरून करायची, उभ्यानं लगेच नाही. शेवाळलेल्या मोरीत किंवा चिखलाच्या बांधावर घसरलो, तरी हे कामाला येतं.

पण एक गोष्ट नीट ऐका. पोटुशी बाई, नुकतं ऑपरेशन झालेली, कंबर-मानेचं दुखणं असलेली, हाडं ठिसूळ झालेली, यांनी लोळायचं नाही. आमच्या आज्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठण्याचा आणि तोल सांभाळण्याचा सराव करतात. शंका असली तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि शिकलेलं माणूस समोर असल्याशिवाय यातलं काही करू नका.

मग आलं मनगट सोडवणं. कोणी मनगट धरलं की आपण मागं ओढतो. त्याच्यात बळ जास्त, आपण हरतो. त्यापेक्षा पकडीत कच्ची जागा कुठं आहे ते बघायचं. चार बोटं एका बाजूला असतात आणि अंगठा एकटा. ती अंगठ्याची बाजू कच्ची. आपल्या मनगटाची अरुंद कड तिकडं वळवायची, एक पाऊल मागं न जाता त्याच्याच बाजूला टाकायचं, कोपर वाकवून हात त्या फटीतून काढायचा. त्याच वेळी मोठ्यानं ओरडायचं. हात सुटला की थांबायचं नाही, माणसं असतील तिकडं पळायचं. पळणं म्हणजे हरणं नाही. घरी पोचणं हीच जीत.

कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या बचावाचा हक्क दिला आहे. पण कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. आयकीडोची शिकवणही तीच. अडचणीत ११२ नंबर लावा. महिलांसाठी १८१ आहे, मुलांसाठी १०९८.

आता जी गोष्ट सांगायची होती ती. तालमीत एक नियम होता. जोडीदारणीचा हात धरण्याआधी विचारायचं, "धरू का?" आणि ती थांब म्हणाली की लगेच सोडायचं. आमची एक सदस्य पहिले दोन आठवडे "नको" म्हणत भिंतीला टेकून बसायची. कोणी तिला आग्रह केला नाही, कारणही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती उठली, एका काकूंसमोर हात पुढं केला आणि म्हणाली, "धरा. पण हळू." काकूंनी फुलासारखं मनगट धरलं. तिनं सोडवलं. मग पुन्हा, मग पुन्हा. त्या दिवशी तिनं आम्हाला सांगितलं, घरात तिचा हात कसा धरला जातो ते. चार वर्षं ती गटात होती, दर महिन्याला हप्ता भरत होती, आणि आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

ती आता एकटी नाही. पुढं काय करायचं ते तिनंच ठरवायचं आहे, पण ती बोलावेल तिथं दोघी जणी सोबत जातात.

आणि ती कॉलेजची मुलगी? तिचं कॉलेज सुरू आहे. तिनं कोणाला आपटलं म्हणून नाही. तालमीत तिची आणखी तीन मुलींशी जोडी जमली, त्या चौघी एकाच बसनं येतात. बस यायच्या वेळी गटातल्या दोघी पाळीपाळीनं स्टँडवर जाऊन बसतात. पहिल्या आठवड्यात ती दोन पोरं आली होती. आमच्या आजींनी त्यांना नावानं हाक मारून विचारलं, "काय रे बाबू, कोनाची वाट पाह्यता?" त्यानंतर ती तिथं दिसली नाहीत. वडील म्हणाले, "जाऊ द्या तिले."

मैत्रिणींनो, एका तासात कोणी पैलवान होत नाही. चाकू असलेल्या माणसासमोर मनगटाची युक्ती चालेलच असंही नाही. पण आठवड्यातून एकदा एकमेकींना पडताना सावरलं, हात देऊन उठवलं, की गरजेच्या वेळी हाक कोणाला मारायची हे आपोआप कळतं.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की वही मिटण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: आपल्या गावात कोणत्या रस्त्याची मुलींना भीती वाटते? उत्तर येईल. मग त्या रस्त्यावर कोण, कधी बसणार, ते त्याच वहीत लिहा.

आम्ही दर शनिवारी समाजमंदिरात असतो. या, बघा, गादी मात्र घरून आणा.