मुंबई-दिल्ली अंतर १,१४० किमी. मग विमानाला सव्वादोन तास का लागतात?

मुंबई आणि दिल्ली विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. प्रवासी विमान उंचीवर ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने उडते. या हिशेबाने दीड तासात दिल्ली यायला हवी. मग तिकिटावर साधारण सव्वादोन तास का दिसतात?

कारण ती वेळ फक्त उड्डाणाची नसते. मुंबईत विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत पार्किंगला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजतात. याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालवता येत नाही आणि गर्दीच्या वेळी विमानांची रांग लागते. विमान वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. ठरलेला हवाई मार्गही सरळ रेषेपेक्षा थोडा लांब पडतो. दिल्लीच्या आकाशात गर्दी असेल, तर उतरण्यापूर्वी घिरट्या घालाव्या लागतात.

विमान १५ मिनिटांपर्यंत उशिरा आले तरी आकडेवारीत ते ‘वेळेवर’च धरले जाते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीतील धुक्याने हा उशीर काही तासांवर जाऊ शकतो.

दिल्लीहून पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर ते चुकल्यास भुर्दंड सहसा प्रवाशालाच बसतो. त्यामुळे इंटरव्ह्यू, परीक्षा किंवा डॉक्टरांची वेळ असल्यास किलोमीटर मोजून नव्हे, तिकिटावरची पोहोचण्याची वेळ पाहून आणि त्यात काही तास जास्तीचे धरूनच बुकिंग करावे.