लांबचा विमानप्रवास : पायांकडे लक्ष द्या

मुलीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला गेलेल्या एक निवृत्त शिक्षिका परत आल्यावर चौथ्या दिवशी माझ्या दवाखान्यात आल्या. डावी पोटरी सुजली होती, दुखत होती. "प्रवासाचा शीण असेल म्हणून सूनबाईंनी तेल लावून चोळून दिलं," त्या म्हणाल्या. मी टेपने मोजले. डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटीमीटर जास्त भरली. डॉपलर सोनोग्राफीत खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास, कधी अधिकही लागतात. मध्ये विमान बदलले तर वीस तासांच्या वर जातात. त्यात मुंबईहून गावापर्यंतची रात्रभराची बस. या बाई जवळजवळ दीड दिवस बसून होत्या. खिडकीची जागा, शेजाऱ्याला उठवायचा संकोच, लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीही बेताचेच!

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. पाय लोंबते ठेवून तासन्तास बसले की रक्त साकळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एखाद्यालाच, म्हणून घाबरू नये. पण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. हा नियम बस, रेल्वे आणि मोटारीलाही लागू आहे.

काय करावे?

- दर तासा-दोन तासांनी उठून फेरी मारावी. शक्यतो कडेची जागा घ्यावी.
- बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत.
- विमानातील हवा फार कोरडी असते. पाणी थोडे थोडे पीत राहावे, मद्य टाळावे.
- पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गर्भवती व कर्करोगाच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे. घट्ट मोजे किंवा औषध लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.
- इन्शुलिन व रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे असते. डोसाच्या वेळा आधीच लिहून घ्याव्यात.

प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखला, तर तो चोळू नये; लगेच तपासून घ्यावा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर तडक रुग्णालय गाठावे.

बाईंना रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली, आता त्या बऱ्या आहेत. जाण्यापूर्वी त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी रक्तदाब पाहिला, गोळ्या मोजून दिल्या. पायांविषयी मात्र एक शब्द बोललो नाही. ती चूक माझी. आता परदेशी निघालेल्या प्रत्येकाला मी आधी पायांचेच सांगतो.