क्रॅक कशाला? लिनक्सवर ईसिम घ्या!

पवईच्या आयआयटीत, ‘फॉसी’ प्रकल्पानं सर्किटचं सिम्युलेशन करणारं ‘ईसिम’ घडवलंय: मुक्तस्रोत, तेही मोफत. तरी लिनक्सवर इन्स्टॉल करायचं म्हटलं की अनेक विद्यार्थी बिचकतात आणि महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक शोधतात. मला तर हे इन्स्टॉलेशनच अभ्यासाचा पहिला धडा वाटतो. ईसिमची झिप उघडून टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट चालवली की आराखड्यासाठी कायकॅड, आकडेमोडीसाठी एनजीस्पाइस असे भाग एकेक करून बसताना दिसतात. कोणाचं काम काय, ते तिथंच उमगतं. मात्र उबुंटूची कोणती आवृत्ती चालते ते आधी बघा, नाहीतर पॅकेजेस अडतात.

‘नोकरीत कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं ना?’ लागतं. पण एनजीस्पाइसचं मूळ १९७०च्या दशकात बर्कलीत जन्मलेल्या स्पाइसमध्ये आहे, आणि अनेक व्यावसायिक सिम्युलेटरही त्याच घराण्यातले. मेनू बदलतील, नेटलिस्टची (सर्किटमधल्या भागांच्या नि जोडण्यांच्या यादीची) समज कामी येईलच. ‘उत्तर बरोबर कशावरून?’ हा आक्षेप जास्त वजनदार. त्यासाठी १ किलोओहम रोधक, १ मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर आणि ५ व्होल्ट एकसरीत जोडा. १ मिलिसेकंदाला कपॅसिटरवर सुमारे ३.१६ व्होल्ट दिसायला हवेत. आधी कागदावर गणित करा, मग आलेख बघा. येत्या रविवारी एवढं कराच, आणि अडलात तर एररची पूर्ण ओळ कमेंटमध्ये टाका.