पार्कूरच्या सरावास वजनी व्यायामाची जोड

भिंती, कठडे, जिने, नाले असे अडथळे केवळ स्वतःच्या शरीराच्या बळावर व वेगाने ओलांडीत जाण्याच्या व्यायामप्रकारास पार्कूर म्हणतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या दक्षिणेकडील लिस या उपनगरात डेव्हिड बेल व त्याच्या सोबत्यांनी तो घडविला. डेव्हिडचे वडील रेमों बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. लष्करी शिक्षणातील अडथळ्यांच्या मार्गाला फ्रेंच भाषेत जे नाव आहे, त्यावरूनच 'पार्कूर' हा शब्द आला. त्या शिक्षणामागे जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) या नौदल अधिकाऱ्याची 'नैसर्गिक पद्धती' होती. एबेरने व्यायामाचे दहा गट पाडले होते. त्यांत धावणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे यांच्या जोडीला वजन उचलणे हाही एक गट होता, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. कारण पार्कूर करणाऱ्यांपैकी अनेकांचे मत असे की, स्वतःच्या शरीराचे वजन पुरेसे आहे. लोखंडाची गरज नाही.

हे मत हातांपुरते बरेचसे खरे आहे. भिंतीची कड धरून अंग वर ओढणे हा मुळातच जड व्यायाम होय. पायांची गोष्ट मात्र निराळी. एक साधे गणित पाहावे. ६० किलो वजनाच्या मुलाने १ मीटर उंचीवरून उडी टाकली आणि गुडघे व नितंब वाकवून अंग ४० सेंटिमीटर खाली घेत तो थांबला, तर पायांवर सरासरी २१० किलोइतका भार पडतो. तोच मुलगा पाय ताठ ठेवून १० सेंटिमीटरमध्येच थांबला, तर हा भार ६६० किलोंवर जातो. आणि ही केवळ सरासरी आहे, क्षणिक भार याहून अधिक असतो. चवड्यांवर अलगद उतरण्याचे तंत्र शिकवितात ते याचसाठी. परंतु तंत्र कळले तरी दुप्पट-तिप्पट भार पेलीत गुडघे सावकाश वाकविण्याची ताकद पायांत असावी लागते. ती नसली की दमलेला मुलगा ताठ पायांनीच आपटतो.

आपल्या तालमींतील बैठका येथे कितपत उपयोगी पडतील? दोनशे बैठका मारणाऱ्याचा दम वाढतो, मांड्याही भरतात. पण सवय झाल्यावर एकेका बैठकीचा भार त्याला हलका वाटू लागतो व ताकदीची वाढ मंदावते. म्हणून संख्या न वाढविता वजन वाढवावे. खांद्यावर बारबेल घेऊन पाच-पाच बैठकांच्या तीन फेऱ्या, जमिनीवरून पाठ सरळ ठेवून बारबेल उचलणे, एका पायावर उभे राहून टाचा उचलणे, आणि वजन कमरेला बांधून सिंगल बारवर अंग ओढणे, एवढे प्रकार आठवड्यातून दोन वेळा पुरतात. बारबेल नसल्यास घट्ट शिवलेले वाळूचे पोते चालते. वाळू मापून भरावी, म्हणजे वाढ किती झाली हे कळते. अंगाचा आकार फुगविणारा व्यायाम मात्र पार्कूरला मारक ठरतो, कारण वाढलेले प्रत्येक किलो वजन भिंतीवर स्वतःलाच चढवावे लागते.

वजने उड्यांच्या सरावाआधी घेऊ नयेत. थकलेल्या पायांनी टाकलेली उडी चुकते.

शिक्षकांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. स्नायू काही आठवड्यांत बळावतात. त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र महिने लागतात. मुलाला आपण समर्थ झालो असे वाटू लागते, तेव्हा गुडघ्याच्या वाटीखालची व टाचेमागची कंडरा अजून तयार झालेली नसते. उड्यांची उंची वाढविण्याची घाई नेमकी याच वेळी होते. वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. जाणत्याच्या देखरेखीखाली, हलक्या वजनांनी व योग्य रीतीने केलेल्या व्यायामाबाबत तिला आधार आढळलेला नाही. तरीही मुलांनी प्रथम रिकाम्या काठीवर रीत पक्की करावी.

वाटीखाली किंवा नडगीवर दुखू लागल्यास उंचावरील उड्या लगेच थांबवाव्यात. वेदना सौम्य असेल तर हलक्या वजनाच्या सावकाश बैठका चालू ठेवता येतात. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले दिसले, अथवा नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येऊ लागली, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवावे; अशा ठिकाणी हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो.